वडिलांच्या पेटीतली काडतुसे

प्रस्तुत लेखक आज ऐंशीच्या घरात आहे. औंधच्या यमाईच्या डोंगराकडे पाहिले की त्याला देवीच्या आधी एक चिंकारा आठवतो. 1960 च्या दशकातली गोष्ट. हाती वडिलांची .315 ची रायफल, खिशात त्यांच्याच पेटीतली काडतुसे. पाकीट कधीच फाटलेले, त्यामुळे त्यावर काय छापले होते हे कळायला मार्ग नव्हता. वय वीस. गोळी ती गोळी, असा हिशेब.

माणदेशाच्या बाजूला माळावर दीडशे पावलांवर नर उभा होता. बार झाला. जनावर दचकले, पाठ वाकवली आणि पळाले. दगडावर रक्ताचे तीन-चार थेंब, पुढे एक केसांचा झुबका, त्यापुढे काही नाही. अंधार पडेपर्यंत शोधले. दुसऱ्या दिवशी एका मेंढक्याने ओढ्यातली जागा दाखवली. चिंकारा बाभळीखाली पडला होता. पोटाच्या एका बाजूला शिसपेन्सिल जाईल एवढे भोक आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढेच. तो रात्रभर जिवंत असणार, हे सांगायला मेंढक्याची गरज नव्हती.

नेम चुकला होता, हे आधी कबूल केले पाहिजे. बार फुप्फुसाऐवजी पोटात गेला, आणि तिथे कुठलीच गोळी लगेच मारत नाही. पण उरलेली काडतुसे हातावर घेतली तेव्हा दुसरी चूकही दिसली. काहींचे टोक करडे, नखाने ओरखडा उमटेल असे मऊ. बाकीची टोकापर्यंत तांबूस, गुळगुळीत. पहिल्यात शिसे उघडे असते, ते अंगात शिरले की फुलते आणि जखम रुंद करते. दुसऱ्यात शिशावर धातूचे पूर्ण कवच असते, ते फारसे न फुलता आरपार जाते. पेटीत दोन्ही एकत्र होती आणि त्या दिवशी नळीत कवचाचे गेले.

मऊ नाकाच्या गोळीचे नाव जगभर झाले ते आपल्याच देशातल्या एका गावावरून. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात 1890 च्या दशकात अशा गोळ्या तयार झाल्या. 1899 च्या हेग परिषदेने फुलणाऱ्या गोळीला लढाईत बंदी घातली. शिकारीत मात्र तीच बरी मानतात, कारण तिने जनावर लवकर पडते. माणसावर झाडायला क्रूर, हरणावर दयाळू! हा हिशेब लेखकाला अजून पचलेला नाही, पण ओढ्यातले ते भोक पाहिल्यापासून तो नाकारताही येत नाही.

गोळी मऊ असली म्हणजे झाले, असेही नाही. आपण सगळ्यांना हरीणच म्हणतो, पण चिंकारा वीस-बावीस किलोचा आणि सांबराचा मोठा नर दोनशे किलोंच्या पुढे. सांबराच्या खांद्यासाठी जड, सावकाश फुलणारी गोळी लागते. ती चिंकाऱ्याच्या पातळ बरगड्यांतून फुलायच्या आतच बाहेर पडू शकते. उलट हलकी, फार वेगाची गोळी मोठ्या हाडावर आपटून फुटते आणि वरवरची जखम करून थांबते. गोळीचे वजन बदलले की ती लागण्याची जागाही बदलते. म्हणून नवे पाकीट आणले की आधी चांदमारीवर कागदावर बार टाकून पाहायचे, पाकिटे एकमेकांत मिसळायची नाहीत. आणि माळावर, जनावरामागे मातीचा उंचवटा नसेल तर बारच टाकायचा नाही. रायफलची गोळी दोन किलोमीटरच्या पलीकडेही जाते, आणि तिकडे कोणाच्या तरी मेंढ्या असतात.

नळीचेही एक सांगायला हवे. जुन्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेट असे. बारानंतर त्याचे क्षार नळीत राहतात, हवेतले पाणी ओढतात आणि गंज चढतो. तेलाने ते जात नाहीत. उकळते पाणी ओतायचे, कोरडे करायचे, मग तेल.

हे सगळे ज्ञान हरणावर वापरायचे दिवस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपले. चिंकारा आणि काळवीट अनुसूची एकमध्ये आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन, जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि निदान 25,000 रुपये दंड. एकेकाळी औंध संस्थानाचे एक ठाणे असलेल्या कुंडलजवळ तर काळ पार उलटा फिरला. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून सागरेश्वरच्या उजाड डोंगरावर झाडे उभी राहिली, हरणे आणून सोडली गेली आणि 1985 मध्ये अभयारण्य जाहीर झाले. जेमतेम अकरा चौरस किलोमीटर जागा. हरणे वाढली, कुंपणाबाहेरच्या पिकांत येऊ लागली. रात्र जागून काढणाऱ्या शेतकऱ्याचा राग खोटा नाही. पण त्याने घरातल्या बंदुकीकडे न पाहता वनखात्याकडे पंचनाम्याचा अर्ज करावा. रानडुकराचे वेगळे आहे, तिथे लेखी परवानगी मिळू शकते. ती हातात पडेपर्यंत बार टाकला तर तीही शिकारच.

वडील गेल्यावर ज्यांच्या घरात अशी पेटी निघेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की परवाना वडिलांच्या नावाचा होता. काडतुसेही शस्त्र कायद्याखाली येतात. ती माळ्यावर ठेवणे हा गुन्हा, आणि विहिरीत टाकणे ही दुसरी चूक.

लेखकाने आपली पोलीस ठाण्यात नेऊन दिली. हवालदाराने टेबलावर ओतली, बोटाने मोजली, अकरा भरली. सात मऊ, चार कवचाची, असे लेखक सांगू लागला. हवालदाराने मान वर केली नाही. नोंदवहीत लिहिले, ‘काडतुसे, नग 11’, आणि सहीसाठी वही पुढे सरकवली.