नव्वद दिवसांनंतर

चि. मनूस,


तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. नोकरी करणाऱ्या अपंग व्यक्तींचा एक गट, बिननोकरीच्यांचा दुसरा, दोघांना समाधानाची एकच प्रश्नावली आणि शेवटी आकड्यांची तुलना. बेत नेटका आहे. मॅडिसनमधल्या तुझ्या गाइडना आवडेलही. पण त्याचं उत्तर मी तुला घरबसल्या आजच लिहून देते: नोकरीवाले जास्त समाधानी. मग तोंडी परीक्षेत कुणीतरी हमखास विचारणार, की नोकरीमुळे समाधानी झाले, की मुळात तब्येत, शिक्षण आणि घरचा आधार बरा होता म्हणून नोकरी लागली? तेव्हा काय सांगशील?

म्हणून ‘नोकरी आहे की नाही’ हा प्रश्न मागे ठेव. काम कसलं आहे आणि नोकरी लागल्यानंतर काय झालं, यामागे लाग.

तुमच्या अमेरिकेतल्या सरकारी व्यवसाय पुनर्वसनात वर्षानुवर्षं माणूस कामावर नव्वद दिवस टिकला, की त्याची फाइल ‘यशस्वी’ म्हणून बंद व्हायची. २०१४च्या कायद्यानंतर सेवा संपल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीतही तो कामावर आहे का, हे मोजायला लागले, तेवढी सुधारणा. आपल्याकडे रुजू झाल्याचं पत्र आलं, की रजिस्टरात खूण आणि संपला विषय. एक्क्याण्णवाव्या दिवशी ते काम कसं चाललंय, याबद्दल दोन्हीकडची कागदपत्रं गप्प असतात.

टेलिफोनच्या बूथचंच बघ. तुला ती पिवळी पाटी अंधुक आठवत असेल. एसटीडी-पीसीओचे बूथ अपंगांना प्राधान्याने दिले जायचे. स्टेशनबाहेर, हॉस्पिटलच्या दाराशी, चाळीच्या तोंडाशी. कागदोपत्री बूथ चालवणारा माणूस ‘पुनर्वसित’. कमाई बेताचीच असायची, पण अख्ख्या गल्लीचे निरोप त्याच्याकडे यायचे. कुणाच्या गावी कोण गेलं, कुणाचा निकाल लागला, कुणाचं लग्न जमतंय, हे त्याला घरच्यांच्या आधी कळायचं. सकाळी बूथ उघडायला उशीर झाला, तर चार जण चौकशी करायचे. मग मोबाइल आले, कॉलचे दर कोसळले आणि बूथ ओस पडले. काहींनी झेरॉक्स मशीन आणलं, काहींनी रिचार्ज आणि वेफर विकायला सुरुवात केली. काहींनी जागा भाड्याने दिली आणि घरी बसले. आता समज, भाड्याचे पैसे बूथच्या कमाईइतकेच येत असतील, तर त्या माणसाची स्थिती बदलली की नाही? तुझी प्रश्नावली उत्पन्नाच्या रकान्यात तोच आकडा लिहील आणि पुढे जाईल.

मारी याहोदा तुझ्या वाचनात आली असेलच. नसेल, तर आधी ती वाच. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावातली गिरणी बंद पडल्यावर तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे मुक्कामी अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्याने किती हळू चालतात, हे त्यांनी घड्याळ लावून मोजलं. काम पगाराखेरीज आणखी काय देतं, हे याहोदाने पुढे पाच गोष्टींत मांडलं: दिवसाची घडी, घराबाहेरची माणसं, चार जणांसोबतचं उद्दिष्ट, समाजातली ओळख आणि नेमाने होणारी हालचाल. बूथमध्ये त्यातलं बरंच काही होतं. उलट सरकारी कार्यालयात आरक्षणातून लागलेल्या एखाद्याला साहेब मायेने म्हणतात, ‘तुम्ही बसा हो, तुम्हाला कशाला त्रास?’ पगार वेळेवर आणि टेबल रिकामं. ही माया फार महागात पडते, मनू.

ऑस्ट्रेलियातल्या पीटर बटरवर्थ यांच्या गटाने २०११ मध्ये हेच मोठ्या पाहणीतून दाखवलं. वाईट प्रतीची नोकरी, म्हणजे ताण जास्त, अधिकार कमी, शाश्वती नाही, मानसिक आरोग्याला बेकारीपेक्षा बरी ठरली नाही. तो अभ्यास खास अपंगांचा नव्हता. पण आपल्या लोकांच्या वाट्याला कोणत्या प्रतीच्या नोकऱ्या येतात, ते तुला माहीत आहे.

तुला तुलनेला चांगला गट हवा असेल, तर एक सुचवते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम २० पाहा. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं, तर माणसाला काढता येत नाही की पदावनत करता येत नाही. मूळ काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं. तेही नसेल, तर अधिसंख्य पदावर ठेवायचं. म्हणजे पाय गेलेल्या दोन ड्रायव्हरांचा पगार तोच राहतो. एकाला चौकशी खिडकी मिळते आणि दुसऱ्याला फक्त हजेरीपुस्तक. पगार स्थिर, काम निराळं. माझ्या मते प्रबंध इथेच आहे.

मानसिक आजारांवर काम करणाऱ्यांनी तर आपली जुनी पद्धत उलटी केली. आम्ही आधी प्रशिक्षण द्यायचो, मग नोकरी शोधायचो. मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या शिकण्यात माणसाची वर्षं जायची. ड्रेक आणि बेकर यांच्या पद्धतीत आधी खरी नोकरी, त्याच्या आवडीची, आणि आधार नंतर चालूच, मुदत न घालता. युरोपातल्या सहा शहरांत ३१२ रुग्णांवर चाचणी झाली, २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. या पद्धतीच्या गटातले ५५ टक्के लोक निदान एक दिवस तरी कामाला लागले, नेहमीच्या सेवेतले २८ टक्के. कामाचा ताण झेपणार नाही, पुन्हा दवाखाना गाठावा लागेल, ही भीतीही खोटी ठरली: पुन्हा दाखल झालेले तिथे २० टक्के होते, दुसऱ्या गटात ३१. आता तो ‘एक दिवस’ पुन्हा वाच. हा निकष किती मवाळ आहे, हेही प्रबंधात लिहायला कचरू नकोस.

आता मुलाखतींबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २६ प्रश्नांच्या प्रश्नावलीत लैंगिक जीवनाबद्दल एक प्रश्न आहे. डोंबिवलीच्या एका खोलीच्या घरात, सासू भाजी निवडत बसलेली असताना, तो मोठ्याने कसा विचारणार आहेस? ‘समाधानी आहे’ असंच उत्तर येईल आणि तू ते इमानाने नोंदवशील. आपल्या घरांत बोलणारी आई असते. कर्णबधिर मुलगा तिशीचा झाला, तरी उत्तर तीच देते. सांकेतिक भाषेचा दुभाषा बाहेरचा ने, नातेवाईक नको. आणि समोरचा दुःखीच असणार असं धरून जाऊ नकोस. आल्ब्रेख्त आणि डेव्लिगर यांनी १९९९ मध्ये १५३ अपंग व्यक्तींशी बोलून लिहिलं, की गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. बाहेरून बघणाऱ्याला हे पटत नाही, म्हणून तो त्यांच्या उत्तरालाच उसनं अवसान ठरवतो. त्यांचं ऐक, मग वाद घाल.

खर्चात एक रकाना वाढव: मुलाखतीला येणाऱ्याचं रिक्षाभाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. युनिव्हर्सिटी कुरकुर करेल, तरी अडून बस. आणि एक फेरी जुलैत ठेव. पावसात व्हीलचेअर आणि कुबड्या घेऊन कामावर पोचणं किती जणांना जमतं, ते दिवाळीनंतर येऊन कळणार नाही. माझ्याकडे उतर, लिफ्ट महिनाभरात सुरू होणार आहे म्हणतात.

तुझी,
मावशी