जाण्याचे भाडे

हृदयविकाराच्या झटक्यावर सरकारी दवाखान्यात उपचार फुकट होतात, असे आपण म्हणतो. ते पुष्कळसे खरेही आहे. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, ही योजना पांढऱ्या रेशनकार्डाच्या कुटुंबांनाही लागू झाली.

आमच्या घरी असले कागद वाचणारा मीच पहिला, म्हणून एक ओळ नजरेत भरली. रुग्णाला परतीचे प्रवासभाडे मिळते. जाण्याचे मिळत नाही!

आता हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, की स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या बारा तासांत द्यावे लागते. जितके लवकर तितके बरे. नाकाडोंगरीहून वाट तुमसर, भंडारा आणि अँजिओप्लास्टीसाठी नागपूर. मार्च २०२० च्या टाळेबंदीत एस.टी. बंद. १०८ ची गाडी फुकट खरी, पण ती येईपर्यंत थांबायचे की जीप ठरवायची? जीपचे पैसे रोख, आणि सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते. म्हणून माणूस आधी पित्त समजून सोडा पितो, सकाळची वाट पाहतो. त्यात दवाखान्यात गेलो तर करोना होईल, ही धास्ती.

बारा तासांतली रात्र अशी जाते.