पेन्सिलीने लागलेला दिवा

"बाबा, तुझं उत्तर चुकलं!" शाळेतून आल्या आल्या लेकीने जाहीर केलं. ती इथे इंग्लंडमध्ये इयर फोरमध्ये शिकते. पेन्सिलीच्या शिशातून वीज जाते का, असं तिने आदल्या रात्री विचारलं होतं. मी शाळेत पाठ केलेलं वाक्य सांगून टाकलं: धातू विजेचे सुवाहक, अधातू दुर्वाहक. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट, म्हणजे कार्बन, म्हणजे अधातू. तेव्हा उत्तर 'नाही'. अपवादाची पुढची ओळ मी विसरलो होतो.

वर्गात प्रत्येक गटाला दोन सेल, एक छोटा बल्ब आणि काही वायरी मिळाल्या. वहीत तीन रकाने होते: वस्तू, माझा अंदाज, प्रत्यक्षात काय झालं. चमचा, खोडरबर, नाणं, प्लास्टिकची पट्टी आणि दोन्ही बाजूंना टोक काढलेला पेन्सिलीचा तुकडा. पेन्सिलीपुढे तिने माझ्या भरवशावर 'नाही' लिहिलं. बल्ब मंद का होईना, पण लागला. "अंदाज खोडू का?" असं तिने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "नको, तसाच राहू दे. असं का झालं ते शोध."

कारण कार्बनच्या रचनेत आहे. ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू थरांमध्ये मांडलेले असतात. प्रत्येक अणू शेजारच्या तीन अणूंशी बांधलेला असतो. त्याचा चौथा इलेक्ट्रॉन थरात फिरायला मोकळा राहतो, म्हणून वीज वाहते. हिराही कार्बनच, पण त्यात चारही इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले असतात, म्हणून तो दुर्वाहक. पेन्सिलीत ग्राफाइटबरोबर चिकणमातीही असते आणि तिचा रोध तांब्याच्या तारेपेक्षा पुष्कळ जास्त असतो. त्यामुळे उजेड मंद.

सुवाहक आणि दुर्वाहक हा भेदही असाच एका चुकलेल्या अंदाजातून कळला. कँटरबरीचा स्टीफन ग्रे हा पेशाने रंगारी. १७२९ साली केंट परगण्यात ग्रॅनव्हिल व्हीलर या मित्राच्या घरी तो घासलेल्या काचनळीतली वीज तागाच्या दोरीतून लांब नेत होता. ती दोरी त्यांनी रेशमी धाग्यांवर टांगली होती. धागे बारीक आहेत म्हणून वीज निसटत नाही, असा त्यांचा समज होता. वजनाने रेशीम तुटलं, तेव्हा त्यांनी बारीक पितळी तार लावली. वीज पुढे जाईना! म्हणजे महत्त्व जाडीला नव्हतं, पदार्थाला होतं. तारही बारीकच होती, बदलला तो पदार्थ. इथल्या शाळेत मुलं याला 'फेअर टेस्ट' म्हणतात: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

खरं सांगायचं तर मला काळजी वाटायची. भारतातली तिची चुलत भावंडं धडाधड व्याख्या म्हणतात, आणि ही वायरी जोडत बसते. पण इंग्लंडमध्ये २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात सुवाहक-दुर्वाहकांची माहिती आहे, तसंच प्रश्न विचारणं, चाचणी करणं, नोंद ठेवणं हेही शिकवायचंच आहे. व्याख्या नकोत असं मुळीच नाही. माझी व्याख्या मात्र कधी तपासलीच गेली नव्हती. तिची त्या दिवशी तपासली गेली.

घरी करून पाहा. पेन्सिलीचं लाकूड मोठ्यांनी उभं चिरून शिसं उघडं करावं. दोन सेल आणि टॉर्चचा छोटा बल्ब जोडून एक वायर शिशाच्या टोकाला लावा आणि दुसरी शिशावरून हळूहळू जवळ सरकवा. उजेडाचं काय होईल? आधी अंदाज लिहा. जोडणी थोडाच वेळ ठेवा आणि भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटच्या वाटेला चुकूनही जाऊ नका.

आता लेक काही विचारते, तेव्हा उत्तर माझ्या ओठांवर येतं. ते गिळून मी विचारतो, "तुला काय वाटतं? आणि ते तपासायचं कसं?" तिच्या वहीत तो 'नाही' अजून तसाच आहे. त्यातला निम्मा माझा आहे.