वाचनालयातली मोठ्यांची शाळा



आपल्या शाळेतल्या एका मुलीच्या आजींची हकीकत आधी सांगतो. आजी हरिपाठ न अडखळता वाचतात. ज्ञानेश्वरीची पाने त्यांच्या बोटांना ओळखीची आहेत. गेल्या वर्षी शेताच्या वाटणीच्या कामासाठी त्यांना एका कचेरीत जावे लागले. समोर आलेला कागद कन्नडमध्ये होता. "वाचता येतं का?" असे विचारल्यावर आजींनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. लगेच शाईची डबी पुढे सरकली आणि आजींचा अंगठा उठला. घरी आल्यावर नातीने आईला विचारले, "आजीला वाचता येतं, मग अंगठा का दिला?" ती आई तोच प्रश्न घेऊन आमच्याकडे आली. उत्तर आम्हालाही पटकन देता आले नाही.

जनगणनेच्या हिशेबात आजी साक्षरच आहेत. सात वर्षांवरील ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येते ती साक्षर, अशी तिथे व्याख्या आहे. 2011 च्या जनगणनेत बिदर जिल्ह्याची साक्षरता सुमारे 70 टक्के आणि गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्याची सुमारे 65 टक्के होती. उरलेल्यांची काळजी सरकारला आहे, पण आमच्या आजी कोणत्याच यादीत बसत नाहीत. मराठी पोथी वाचणारे आणि कन्नड पहाणी न वाचता येणारे असे किती जण आपल्या घरांत आहेत, हे ज्याने त्याने आपल्या ओसरीवर नजर टाकून पाहावे.

मोठ्या माणसांना फुकट शिकवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात 1855 साली रात्रीची शाळा सुरू केली. 1875 पासून पुण्यात वसंत व्याख्यानमाला भरू लागली. तिच्यामागे न्यायमूर्ती रानडे होते. मुंबईत ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. या संस्थेने गिरणगावातल्या कामगारांसाठी रात्रशाळा, मोफत वाचनालये आणि फिरत्या ग्रंथपेट्या चालवल्या. पुस्तक आणि वर्ग एकाच छपराखाली असावेत, ही दृष्टी आम्हाला त्यात विशेष वाटते. शाळेच्या बाकावर बसायला प्रौढ माणूस लाजतो. "या वयात बाराखडी?" असे शेजारी म्हणतील ही त्याला धास्ती असते. वाचनालयात मात्र कोणीही केव्हाही जातो. कोण पेपर चाळायला आला आणि कोण अक्षरे गिरवायला, हे बाहेरून कळत नाही.

या बाबतीत सर्वांत पुढचे पाऊल टाकले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी. आपल्या संपूर्ण राज्यात त्यांनी 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण शाळेतून बाहेर पडलेला मुलगा पुढे काही वाचत नसेल तर शिकलेले विसरतो, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि राजवाड्यातली सुमारे 20,000 पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तके जाऊ लागली. याच ग्रंथालय खात्याची एक शाखा गावोगावी चित्रे आणि चलच्चित्रे मोफत दाखवत असे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही वाचनालयाचा उपयोग झाला पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. पुस्तके घेणाऱ्यांची नोंदवही भरली की वाचनालय चालले, असे मानणाऱ्यांनी ही शाखा ध्यानात ठेवावी.

आपल्या भागाचे मात्र वेगळे होते. बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू, कचेरीची भाषा उर्दू. मराठी, कन्नड, तेलुगू या घरातल्या भाषा. त्यात 1920 च्या दशकात 'गश्ती 53' या फर्मानामुळे सभा घेण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागू लागली. अशा वेळी वाचनालयाच्या खोलीला निराळेच महत्त्व आले. हैदराबादेत तेलुगू मंडळींनी 1901 मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्रभाषा निलयम उभारले होते. तिथेच 1922 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. गुलबर्ग्यात 1907 पासून नूतन विद्यालयाने मराठी शिक्षणाचा दिवा लावून ठेवला होता. आजच्या पंचाहत्तरीच्या पुढच्या मंडळींना आपापल्या गावच्या वाचनालयातले एकाने मोठ्याने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे ते पेपरवाचन आठवत असेल. आम्ही तर त्याला वर्गच म्हणू.

त्याहून मागे गेलो तर बिदरचा महमूद गवानचा मदरसा आहे. 1472 साली बांधलेल्या या वास्तूत मोठा ग्रंथसंग्रह होता. 1696 मध्ये दारूच्या स्फोटात तिचा बराच भाग ढासळला. बसवकल्याणच्या अनुभवमंटपाची परंपरा तर सर्वांना ठाऊकच आहे. चांभार, कोष्टी, नावाडी असे सर्व व्यवसायांचे स्त्री-पुरुष तिथे बाराव्या शतकात एकत्र बसून चर्चा करीत, असे सांगतात. सहलीला गेल्यावर मुलांनी या दोन्ही जागा केवळ फोटोपुरत्या पाहू नयेत.

आता कायद्याचा थोडा भाग. कंटाळू नका, यात आपले पैसे आहेत! हैदराबाद राज्याने 1955 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बिदर जिल्ह्यातले तालुके मुंबई राज्यात गेले आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. म्हैसूरचा, म्हणजे आताच्या कर्नाटकाचा, ग्रंथालय कायदा 1965 चा. त्यानुसार घरपट्टीच्या प्रत्येक रुपयामागे 6 पैसे ग्रंथालय उपकर घेतला जातो. वडिलांना विचारून घरपट्टीची पावती पाहा. उपकराचा रकाना सापडेल. समजा घरपट्टी 1,000 रुपये असेल, तर 60 रुपये वाचनालयाचे. तेव्हा तिथे जाताना संकोच कशाला? ते आपल्याच पैशावर चालते. खेड्यांतली ग्रामपंचायतीची ग्रंथालये 2019 मध्ये ग्रामविकास खात्याकडे आली आणि आता त्यांना 'अरिवु केंद्र' म्हणतात. अरिवु म्हणजे जाण.

वाचनालयाने मनावर घेतले तर काय घडते, ते केरळात दिसले. पु. ना. पणिक्कर या शिक्षकांनी 1945 मध्ये 47 ग्रंथालयांचा संघ उभा केला. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी तिथेच साक्षरतेचे वर्ग चालवले आणि 1975 मध्ये या कामाला युनेस्कोचा क्रुप्स्काया पुरस्कार मिळाला.

आजींच्या प्रश्नाकडे परत येऊ. मराठी वाचणाऱ्याला कन्नड लिपी किती अवघड? आम्ही म्हणतो, वाटते त्याच्या निम्मीसुद्धा नाही. वर्णमालेचा क्रम तोच आहे: अ, आ, इ, ई, मग क, ख, ग, घ. आपला 'ळ' हिंदीवाल्यांना अडतो, पण कन्नडमध्ये तो घरचाच आहे. काना, मात्रा, वेलांटी यांची कल्पना तीच, फक्त आकार वेगळे. अक्षरावर सलग शिरोरेघ नसते. बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर छोटी आकडी असते, तिला 'तलकट्टु' म्हणतात. जोडाक्षरात दुसरे व्यंजन बहुधा खाली लटकते. खरी नवी गोष्ट एकच: 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन प्रकार. हा भेद लहानसा वाटला तरी अर्थ उलटवतो. 'केरे' मधला पहिला 'ए' आखूड म्हटला तर तळे, लांबवला तर धामण साप! "गावाबाहेर मोठं तळं आहे" असे सांगायला गेलेला माणूस काय सांगून बसेल, याचा मुलांनी विचार करावा.

अर्थात प्रौढाला 'कमल', 'घर' यांपासून सुरुवात करून चालत नाही. त्याला आपल्या गरजेचा शब्द आधी हवा असतो. म्हणून पहिला धडा बसच्या पाटीचा, दुसरा स्वतःच्या नावाचा, तिसरा रेशन कार्डाचा आणि चौथा पहाणीवरच्या रकान्यांचा, असा आमचा बेत आहे. ज्यांना मराठीही वाचता येत नाही त्यांची तुकडी वेगळी बसेल. त्यांना आधी मराठी. केंद्र सरकारचा 2022 ते 2027 या काळासाठी आखलेला 'उल्लास' कार्यक्रम 15 वर्षांवरील निरक्षरांसाठीच आहे आणि त्यात शिकवणारे स्वयंसेवक असतात. नववी-दहावीच्या मुलांनी कन्नड तुकडीला हात लावला तर आम्हाला हवेच आहे. त्यांचे कन्नड आमच्यापेक्षा चांगले आहे, हे मान्य करायला आम्हाला कमीपणा वाटत नाही.

विश्वस्तमंडळींकडे एवढीच विनंती, की सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांना संस्थेच्या वतीने पत्र द्यावे. रविवारी दुपारी तीन ते साडेचार वाचनकक्षाचा एक कोपरा मिळावा आणि महिन्यातून एकदा तिथे व्याख्यान ठेवता यावे. विषय व्याख्यात्याने न ठरवता ऐकणाऱ्यांनी ठरवावा. आजींनी पहिला विषय सुचवलाही आहे: वाटणीचा कागद कसा वाचायचा.

कोणतीही फी नाही. पाटी-वही शाळा देईल. चाळिशी लागलेल्यांनी चष्मा मात्र आठवणीने आणावा. अक्षर येत नाही असे वाटणाऱ्या काहींना ते फक्त दिसत नसते.