पहिल्या पानावर अडचण लिहा

सातारा-सांगलीकडच्या नव्या उद्योगांचे कर्जप्रस्ताव हातात घेतले की पहिलं वाक्य न वाचताही सांगता येतं: भारत हा कृषिप्रधान देश आहे. मग लोकसंख्या येते, तरुणांची बेरोजगारी येते, ग्रामीण भागाचा सर्वांगीण विकास येतो, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी कुठेतरी कळतं की अर्जदाराला तासगावात बेदाण्याचं पॅकिंग सुरू करायचं आहे. हा मजकूर बहुतेक वेळा अर्जदाराचा नसतोच. अहवाल करून देणाऱ्याच्या संगणकात तो तयार असतो. बेदाण्याच्या जागी गूळ आणि तासगावच्या जागी कराड घातलं की काम भागतं. त्यात खोटं काही नसतं, पण वाचणाऱ्याला ठरवायचं असतं त्यातलंही काही नसतं. या प्रस्तावनांबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. पहिल्याच परिच्छेदात त्या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण लिहावी आणि तिच्यावरचा उपाय रुपयांत मांडावा. बाकीचं मागच्या पानांवर गेलं तरी बिघडत नाही.

बेदाण्याचंच घेऊ. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या रॅकवर सुकवतात, आणि हा सगळा कारभार फेब्रुवारी ते एप्रिल एवढ्यातच उरकतो. त्यात अवकाळी पाऊस आला की माल काळा पडतो आणि सौद्यात भाव पडतो. म्हणजे पॅकिंग करणाऱ्याला वर्षभराचा माल दोन-तीन महिन्यांत उचलावा लागतो, शीतगृहात ठेवावा लागतो, आणि विकला जातो तो पुढच्या हंगामापर्यंत थोडा थोडा. या धंद्यात माणूस अडकतो तो यंत्राच्या किमतीत नाही, मालात गुंतलेल्या पैशात. कर्ज मंजूर करणारा अधिकारी पाचच मिनिटांत नेमका तोच प्रश्न विचारतो: यंत्र घ्याल, पण माल कशाने घ्याल? कृषिप्रधान देशाने सुरू झालेल्या प्रस्तावात खेळत्या भांडवलाचा आकडा शेवटच्या तक्त्यात, तोही बेताचा, पडलेला असतो.

याऐवजी प्रस्तावना अशी सुरू करता येते (आकडे केवळ नमुन्याचे): "तासगावच्या सौद्यातून मार्च ते मे या काळात बेदाणा घेऊन, तो धुऊन-निवडून अर्ध्या किलोच्या पाकिटांत सातारा, कराड आणि सांगलीच्या किराणा दुकानांना वर्षभर पुरवण्याचा आमचा व्यवसाय आहे. माल तीन महिन्यांत घ्यावा लागतो आणि विक्री बारा महिने चालते, हीच यातली मुख्य जोखीम आहे. म्हणून एकूण १८ लाखांपैकी ११ लाख खेळत्या भांडवलासाठी, ६ लाख यंत्रासाठी आणि १ लाख शेडच्या दुरुस्तीसाठी धरले आहेत. यात आमचे ३ लाख आहेत, १५ लाखांचं कर्ज हवं आहे. गेल्या दिवाळीत हाताने पॅकिंग करून माल विकला. त्या दुकानांची यादी आणि बिलं सोबत जोडली आहेत." एवढ्यात अर्जदार करणार काय, कुठे, पैसा कोणाचा किती आणि धोका कोणता, हे सगळं आलं. त्यातही जास्त वजन शेवटच्या वाक्याला आहे, कारण त्याची खातरजमा फोन उचलून करता येते.

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे आजकाल प्रत्येक प्रस्तावनेत ठळक अक्षरांत असतं. पण ते मानांकन शेजारच्या गाळ्यातल्या स्पर्धकालाही तितकंच लागू आहे. आपण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तर ते जरूर लिहावं. नसेल तर ती जिल्ह्याची थोरवी झाली, आपल्या धंद्याची नव्हे. त्यापेक्षा गोदाम पूररेषेच्या वर आहे, हे एक वाक्य जास्त कामाचं. २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीत ते न विचारणारा अधिकारी विरळा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की स्वतःच्या तोंडाने धोका सांगितला तर कर्ज कोण देईल? पण धोका अधिकाऱ्याला माहीत असतोच. आदल्या वर्षी त्याच रस्त्यावरचं एखादं खातं थकलेलं त्याने पाहिलेलं असतं. त्याला कळायला हवं असतं ते हे, की तो धोका अर्जदारालाही माहीत आहे का. मात्र उपाय न सांगता नुसती अडचण लिहिली तर आक्षेप खरा ठरतो. भाव पडतील, पाऊस येईल, असं मोघम लिहिण्यापेक्षा मग न लिहिलेलं बरं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सांगली जिल्ह्यातला नावाजलेला उद्योग काही अशा कागदावर उभा राहिला नाही, असं लोक म्हणतात. लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. गोष्ट खरी आहे, पण ती माझ्याच बाजूने बोलते. राजांना हा माणूस आणि त्याच्या हातचं काम ठाऊक होतं. लोखंडी नांगराने जमीन नासते असं शेतकरी म्हणत होते आणि सुरुवातीचे नांगर कोणी घेत नव्हतं, हेही काही लपून राहिलं नव्हतं. अडचण उघड होती आणि माणूस तिच्याशी झगडताना दिसत होता. आजच्या शाखा व्यवस्थापकाची दोन-तीन वर्षांत बदली होते; त्याने ना अर्जदाराचं गाव पाहिलेलं असतं, ना त्याचं काम. राजाला जे प्रत्यक्ष दिसत होतं, ते त्याला पहिल्या पानावरूनच दिसायला हवं.

अनुदानाबद्दल थोडक्यात. त्याचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात नको. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे; पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहते. म्हणजे माल घ्यायच्या वेळी ती हातात नसते. तरीही प्रस्तावना अनुदानाने सुरू झाली, की धंदा अनुदानासाठी काढला आहे असाच वास येतो, आणि तो वास ओळखण्यात बँकवाले तरबेज असतात.

अहवाल करून देणाऱ्याकडून तक्ते खुशाल करून घ्यावेत. ताळेबंद आणि परतफेडीचं गणित हे त्याचंच काम. प्रस्तावना मात्र स्वतः लिहावी, आणि तीही सगळ्यात शेवटी, तक्ते पक्के झाल्यावर. यंत्राचं कोटेशन बदललं, जीएसटी धरायचा राहिला, शीतगृहाचं भाडं वाढलं, तर मागचे आकडे बदलतात आणि पहिल्या पानावरचे जुनेच राहतात. वर १८ लाख आणि आत साडेएकोणीस लाख दिसले, तर फाईल शेरा मारून परत येते, आणि ती दुरुस्त होऊन पुन्हा टेबलावर जाईपर्यंत मार्चमधले सौदे संपलेले असतात.