डॉक्टरांची विश्रांती

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमधील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेस गेले. १९४० च्या एका लढाईत त्यांनी न झोपता ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने ते निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ होते. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपटही काढला. त्यांच्याविषयी आमच्या मनात अपार आदर आहे. परंतु तो प्रसंग युद्धाचा होता. तोच कित्ता सरकारी वा धर्मादाय रुग्णालयातील तरुण डॉक्टराने वर्षभर गिरवावा, ही अपेक्षा आम्हांस रास्त वाटत नाही.

दिव्यातील तेल संपले की वातच जळू लागते. डॉक्टरांच्या अशा अवस्थेला आता 'बर्नआउट' हा शब्द रूढ झाला आहे. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली तो शास्त्रीय लेखनात आणला. पुढे ख्रिस्तिना मास्लाक या विदुषीने त्याची तीन लक्षणे सांगितली : विश्रांतीनेही न जाणारा शीण, रुग्णाविषयी कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. यांपैकी दुसरे लक्षण नातेवाइकांना प्रथम दिसते. 'डॉक्टर तुसडा आहे' असे आपण म्हणतो. तो किती तासांपासून उभा आहे, हे विचारीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली यास रोग न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. म्हणजे दोष डॉक्टराच्या स्वभावात नव्हे, ड्यूटीच्या तक्त्यात शोधावा.

हा प्रश्न रुग्णाच्याही जिवाचा आहे. सलग १७ तास जागलेल्या माणसाची सावधानता थोड्या मद्यपानानंतर होते तितकी घटते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखविले. मद्य प्यालेल्या माणसाच्या हाती कोणी शस्त्र देईल काय?

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेत सामान्यतः दिवसास १२ व आठवड्यास ४८ तासांची मर्यादा होती. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने, आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम नसावे व एक दिवस सुटी असावी, अशी शिफारस केली. आम्ही पडलो शिक्षक, वजाबाकी केल्यावाचून राहवेना : २६ तास. बत्तीस वर्षांनी कृतिदलाने मागितलेली सवलतही जुन्या नियमाहून एक अख्खा दिवस-रात्र मागे आहे!

आपल्या उज्जैनला हे परके नाही. २०१६ च्या सिंहस्थात ५ मे रोजी वादळाने मंडप कोसळले आणि जखमींची रीघ लागली. २०२० साली करोनाच्या साथीत येथील मृत्युप्रमाणाची देशभर चर्चा झाली. त्या उन्हाळ्यात संरक्षक पोशाख चढवून तासन् तास पाणीही न पिता काम करणारे डॉक्टर आपलेच लेकी-लेक होते.

पुढील सिंहस्थ २०२८ साली आहे. अशा वेळी खाटा, औषधे व रुग्णवाहिका यांच्या याद्या होतात. आपल्या सभासदांपैकी जे रुग्णालयांच्या समित्यांवर आहेत, त्यांनी त्या यादीत आणखी एक रकाना आग्रहाने मागावा : प्रत्येक डॉक्टराची ड्यूटी किती वाजता संपणार, आणि त्याच्या जागी कोण उभा राहणार. दाराला आतून कडी असलेली एक निजण्याची खोली, एवढे तर देणगीतूनही होईल.