घाटाखालच्या माणसाने कोणता ट्रेलर घ्यावा?

प्रश्न : आम्ही कर्जत तालुक्यात कडावजवळ राहतो. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि आई. सुट्टीत फिरायला गाडीमागे ओढून नेता येईल असा राहण्याचा ट्रेलर घ्यायचा विचार आहे. एक प्रकार घडीचा, कापडी भिंतींचा, ज्याला पॉप-अप म्हणतात. दुसरा हायब्रिड, ज्याच्या भिंती पक्क्या असतात आणि फक्त पलंग कापडाखाली बाहेर निघतात. मेहुणे म्हणतात, आपल्याकडच्या पावसात कापड टिकणार नाही, हायब्रिडच घ्या. गॅरेजवाले म्हणतात, आधी वजन बघा. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, कडाव

उत्तर : दोघांचेही ऐका, पण दोघांनाही एकेक उपप्रश्न विचारा. मेहुण्यांना विचारा, हायब्रिडचे पलंग ज्या कापडाखाली निघतात ते कापड पावसात कसे वाळवायचे? आणि गॅरेजवाल्यांना विचारा, वजन चढासाठी बघायचे की उतारासाठी? या दोन उत्तरांतच तुमची निवड दडलेली आहे.

आधी दोन्ही वस्तू नेमक्या काय ते पाहू. पॉप-अप बंद असतो तेव्हा ती चाकांवरची, छातीएवढ्या उंचीची पेटी असते. मुक्कामाला पोहोचल्यावर छत वर उचलायचे, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे, की कापडी भिंतींची खोली तयार. याचे रिकामे वजन साधारण ५०० ते १,००० किलो असते. हायब्रिडमध्ये मधला भाग कायम उभा, पक्क्या भिंतींचा असतो. त्यात ओटा, बसायची जागा, बहुतेकदा संडास-न्हाणीही असते. फक्त टोकाच्या फळ्या खाली पडून कापडी पलंग बाहेर येतात. याचे रिकामे वजन साधारण १,४०० ते २,२०० किलो. दोन्हींत पाण्याची टाकी, सिलिंडर, बॅटरी, भांडीकुंडी, अंथरुणे आली की दोन-अडीचशे किलो सहज वाढतात. म्हणून जाहिरातीतला रिकाम्या वजनाचा आकडा वाचून थांबू नका. भरलेल्या ट्रेलरचे कमाल वजन विचारा.

आता घाट. तुम्ही बोरघाटाच्या पायथ्याच्या तालुक्यात राहता, त्यामुळे रेल्वेचे उदाहरण तुम्हाला नवे नाही. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती बटाटेवड्यासाठी, अशी पुष्कळांची समजूत असते. ती थांबते मागे बँकर इंजिने लावण्यासाठी. १८६३ साली सुरू झालेल्या या रेल्वेघाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी एक मीटर वर चढते. पण रेल्वेने खरी धास्ती घेतली आहे ती उताराची. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला चढावर वळवून थांबवता यावे, म्हणून घाटात खास कॅच सायडिंग बांधून ठेवली आहेत. चढताना ताकद कमी पडली तर गाडी थांबते. उतरताना ब्रेक कमी पडले तर ती थांबत नाही.

रस्त्यालाही हेच लागू आहे. खंडाळ्याकडून खोपोलीला येताना आपण ढोबळमानाने ५०० मीटर खाली उतरतो. ही उंची गमावताना जी ऊर्जा सुटते तिची बहुतांशी उष्णता होते. माणसांसह १,९०० किलोची गाडी एकटी उतरली तर ही ऊर्जा सुमारे ३० लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. मागे ७०० किलोचा पॉप-अप असेल तर सुमारे ४० लिटर. आणि १,६०० किलोचा हायब्रिड असेल तर सुमारे ५५ लिटर. यातला काही भाग हवा आणि टायर खातात, काही भाग खालचा गिअर टाकून इंजिनावर घेता येतो. उरलेला सगळा ब्रेकच्या चकत्यांवर येतो. चकत्या फार तापल्या की ब्रेकची पकड ढिली पडते, ब्रेकचे तेल उकळले तर पेडल पायाखाली पोकळ लागते. ‘माझी एसयूव्ही हायब्रिड आरामात ओढते’ असे कोणी सांगितले तर ते खोटे नसते, पण ते सपाट रस्त्याचे आणि चढाचे सांगणे असते.

म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का, हा पहिला प्रश्न विचारा. आपल्याकडच्या वाहन-वर्गीकरणात भरलेले वजन ७५० किलोपर्यंत असलेला ट्रेलर टी-१ वर्गात येतो, त्यापुढे साडेतीन टनांपर्यंतचा टी-२ मध्ये. युरोपातही ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. या हद्दीत राहिलात तर बरेच प्रश्न सोपे होतात. त्यावर गेलात तर ब्रेक नसलेला ट्रेलर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बऱ्याच ट्रेलरना ओव्हररन ब्रेक असतात : गाडी मंदावली की मागून ट्रेलर हिचवर, म्हणजे गाडीशी जोडणाऱ्या सांध्यावर, रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. लांब उतारावर हा रेटा सतत असतो, त्यामुळे तेही तापत राहतात. घाटात सुरक्षित जागा मिळेल तिथे थांबून गाडीला आणि ट्रेलरला दम घेऊ द्यावा. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतच्या माथेरान घाटात मात्र दोन्हींपैकी कोणताच ट्रेलर नेऊ नका. तिथला चढ आणि वळणे ट्रेलरसाठी नाहीतच.

सामान भरतानाही काळजी घ्या. जड वस्तू आसाच्या वर किंवा किंचित पुढे ठेवाव्यात. मागच्या टोकाला पाण्याचे कॅन आणि सिलिंडर रचले की हिचवरचा भार हलका होतो आणि वेग वाढताच ट्रेलरचे शेपूट डोलू लागते. जड ट्रेलर जास्त स्थिर असतो ही समजूत चुकीची आहे. डोलायला लागलेला जड ट्रेलर आवरणे उलट अवघड जाते.

आता मेहुण्यांकडे वळू. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि डोंगरालगत त्याहूनही जास्त पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. अशा पावसात चांगले ताणून बसवलेले कापड लगेच गळते असे नाही. सकाळी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतात आणि आपण म्हणतो, गळले. बहुतेकदा ते आपल्याच श्वासाचे पाणी असते. पाच माणसे रात्रभर झोपली की लिटरभर पाणी वाफ होऊन हवेत जाते आणि थंड कापडावर जमते. दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या की हा त्रास बराच कमी होतो.

खरा त्रास निघायच्या सकाळी सुरू होतो. पाऊस चालू आहे, ट्रेलर मिटायचा आहे, म्हणजे ओले कापड घडी करून गाद्यांवर दाबायचे आहे. एक-दोन दिवस ते तसेच राहिले की बुरशी धरते, काळे ठिपके पडतात आणि ते पुढे निघत नाहीत. घरी आल्यावर उघडून वाळवू म्हणाल, तर जुलैत कडावला घरातल्या दोरीवरचे कपडे तरी कुठे वाळतात? गाडी ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रेलर पूर्ण उघडून, पंखा लावून दोन दिवस ठेवता येत असेल, तरच पावसाळी फेरी करावी.

हायब्रिडमध्ये यातले काय सुटते? मधली खोली सुटते. पलंगांचे कापड सुटत नाही. तेही ओलेच मिटावे लागते. त्यावर हायब्रिडवाल्यांचा तोडगा असा, की पावसाच्या रात्री पलंग बाहेर काढायचेच नाहीत, आतली बैठक उलगडून तिच्यावर झोपायचे. तोडगा चांगला आहे, पण त्या बैठकीवर दोन, फार तर तीन माणसे मावतात. तुम्ही पाच आहात. ज्या रात्रीसाठी दुप्पट वजन ओढत न्यायचे, नेमकी त्याच रात्री दोघांची गैरसोय होणार. जोडप्यासाठी हायब्रिडची बाजू खरोखर भक्कम आहे. पाच जणांच्या कुटुंबासाठी तितकी नाही.

उन्हाळ्याचे थोडक्यात. कापड उष्णता अडवत नाही, त्यामुळे पॉप-अपमध्ये वातानुकूलन यंत्र लावणे म्हणजे अंगण थंड करणे. रायगडातल्याच भिरा इथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश तापमान नोंदले गेले होते. एप्रिल-मे महिन्यांत पक्क्या भिंतीही सावलीशिवाय भट्टी होतात. आंब्या-फणसाखाली जागा शोधा, हाच दोन्हींचा उपाय.

हायब्रिडचे मोठे आकर्षण म्हणजे आतला संडास. त्याची मैल्याची टाकी कुठेतरी रिकामी करावी लागते, आणि आपल्याकडे त्यासाठीची सोय असलेले तळ फारच थोडे. शेतात, ओढ्यात, विहिरीजवळ ती सोडणे हा त्या गावावर अन्याय आहे. त्यापेक्षा सुटकेससारखा ओढून काढता येणारा कॅसेट संडास घ्या. त्याची टाकी वीसएक लिटरची असते आणि कुठल्याही घरच्या संडासात रिकामी करता येते. तो बऱ्याच पॉप-अपमध्येही बसतो.

आणखी एक समजूत तुमच्या पत्रात नाही, पण ती ऐकू येते : सरकारी धोरण आले, म्हणजे आता ट्रेलर कुठेही लावता येतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले आणि त्यात टेंट ट्रेलर, फोल्डिंग कॅराव्हॅन, कॅम्पर ट्रेलर हे प्रकारही धरले आहेत. ते धोरण कॅराव्हॅन पार्क आणि व्यावसायिक कॅराव्हॅन यांना उत्तेजन देण्यासाठी आहे. वनजमीन, गायरान किंवा कोणाची वाडी त्यामुळे मोकळी होत नाही. मालकाची परवानगी लागतेच.

जागा निवडताना नदीचा काठ सुंदर वाटतो म्हणून तिथे चाके टेकवू नका. पेज नदीला ऐन उन्हाळ्यात पाणी असते ते भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे, म्हणजे पाऊस नसतानाही पातळी बदलू शकते. उल्हासचा तर विचारच नको. २७ जुलै २०१९ रोजी तिच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ वेढली गेली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. काठ सोडून डोंगराच्या कुशीत जावे, तर १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती आपण विसरू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना जे टळले नाही, ते आपल्या पत्र्याच्या किंवा कापडाच्या भिंती टाळणार नाहीत. पावसाळ्यात मुक्काम काठापासून आणि उतारापासून दूर, उंचवट्यावरच्या सपाट जागी करावा. अतिवृष्टीचा इशारा असेल तर घरीच राहावे.

तेव्हा माझा स्पष्ट सल्ला असा : पॉप-अप घ्या. भरलेले वजन हजार किलोच्या आत ठेवा आणि ते ७५० च्या वर जात असेल तर स्वतःचे ब्रेक असलेलाच घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मनसोक्त फिरा. पेणमार्गे अलिबागकडे गेलात तर बोरघाट लागतही नाही. कडावच्या गावरस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला तर अरुंद, बुटका पॉप-अप बाजूला घेणे सोपे, आणि त्याच्या वरून मागचा रस्ताही दिसतो. विचार बदलावा असे एकच कारण मला दिसते, ते म्हणजे तुमच्या आई. पॉप-अपचे टोकाचे पलंग कमरेएवढे उंच असतात. त्यांचे गुडघे दुखत असतील तर मधली बैठक, जी उलगडून बुटका पलंग होतो, ती त्यांच्यासाठी राखून ठेवा आणि विकत घेण्याआधी त्यांना तिच्यावर प्रत्यक्ष बसवून, उठवून बघा. ते जमत नसेल आणि त्या प्रत्येक वेळी बरोबर येणार असतील, तर हायब्रिडचा विचार करा. मग मात्र फेऱ्या कमी आणि मुक्काम लांब ठेवा.

पैसे देण्यापूर्वी कागद तपासा. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याची वेगळी नोंदणी, वेगळा क्रमांक आणि विमा लागतो. गावातल्या फॅब्रिकेटरकडून सांगाडा जोडून घेऊन मग नोंदणीचे बघू, हा क्रम उलटा आहे. तुमच्या तालुक्याचे काम पनवेलच्या आरटीओत, एमएच-४६ खाली होते. विक्रेत्याचे कागद तिथे दाखवून मगच बयाणा द्या. गाडी किती वजन ओढू शकते हेही कंपनीकडून लेखी घ्या, गॅरेजमधल्या अंदाजावर विसंबू नका. ट्रेलर जुना असेल तर तळाच्या फळीचे कोपरे अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागले तर पाणी मुरलेले आहे. टायरवर कोरलेल्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलूनच पहिल्या प्रवासाला निघा.